ट्वेंटी व्हॉल्यूम म्हणजे काय? एका वहीचे परीक्षण

परीक्षणासाठी पुस्तक हाती घ्यावे असा रिवाज आहे. या वेळी माझ्यासमोर पुस्तक नसून एक दोनशे पानी वही आहे. ती लिहिणारी मुलगी तलासरी तालुक्यातल्या एका पाड्यावरची. आश्रमशाळेतून दहावी झाली, बारावी विज्ञान शाखेतून केली आणि सध्या डहाणूला एका खाजगी वर्गात ब्युटिशियनचा अभ्यासक्रम करते. विज्ञान शिक्षकांच्या एका कार्यशाळेसाठी मी डहाणूला गेले होते. तिथे तिच्या जुन्या सरांनी तिची गाठ घालून दिली. वही पुढे करत ती म्हणाली, "मॅडम, केमिकलचे दोन धडे पाठ केलेत. समजले मात्र नाहीत." तिच्या परवानगीनेच मी त्या दोन धड्यांविषयी लिहिते आहे. पहिला धडा केस रंगवण्याचा. दुसरा केसांची ठेवण रसायनांनी बदलण्याचा, म्हणजे सरळ केस कुरळे करणे आणि कुरळे सरळ करणे. वर्गात त्याला 'टेक्स्चरायझिंग' म्हणतात.

पहिल्या धड्याच्या मथळ्यात 'डाय' या शब्दापुढे तिने कंसात 'रंगाचा' असे लिहिले आहे. बाहेरगावच्या वाचकाला हे अनावश्यक वाटेल. पण चिंचणी ते डहाणू या किनारपट्टीत 'डाय' म्हटले की दागिने घडवण्याचे पोलादी साचे आठवतात, आणि ते कोरण्याचे काम तिथे कित्येक घरांत चालते. मुलगी काटेकोर आहे, एवढे या एका कंसावरून कळते.

आधी वहीचे गुण सांगते, कारण ते खरे आहेत. डोक्याचे चार भाग कसे पाडायचे, बट किती रुंद घ्यायची, रंग आधी मागच्या बाजूला का लावायचा, घड्याळ केव्हा लावायचे, हे सगळे आकृत्यांसह नेमके लिहिले आहे. ओला केस दोन बोटांत धरून ताणून पाहण्याची चाचणीही आहे. निरोगी ओला केस मूळ लांबीच्या सुमारे ३० टक्के ताणला तरी पुन्हा पूर्ववत होतो. खराब झालेला ताणलेलाच राहतो किंवा तुटतो. स्थितिस्थापकतेचा इतका स्वस्त प्रयोग आपल्या शाळांत मी पाहिलेला नाही. शिकवणाऱ्या बाईंच्या हाताला पुष्कळ काही येते हे पानापानावर दिसते. माझी तक्रार कृतीविषयी नाही. वहीत कृतीची जी कारणे दिली आहेत, त्यांच्याविषयी आहे.

पहिले उदाहरण 'व्हॉल्यूम'चे. रंगाच्या क्रीममध्ये जे दुसरे द्रव्य कालवतात त्याला 'डेव्हलपर' म्हणतात. ते हायड्रोजन पेरॉक्साइड असते. बाटलीवर १०, २०, ३० किंवा ४० व्हॉल्यूम असे छापलेले असते. वहीत तक्ता आहे : पांढरे केस झाकायला २०, दोन छटा उजळ करायला ३०, '४० जपून'. मी तिला विचारले, "ट्वेंटी व्हॉल्यूम म्हणजे काय?" ती म्हणाली, "केस भरलेले दिसतात. व्हॉल्यूम येतो." शांपूच्या जाहिराती ऐकून कोणीही हेच उत्तर देईल.

शेजारी तिचे सर उभे होते. अकरावीत याच मुलीकडून त्यांनी व्हॉल्यूम स्ट्रेंग्थची गणिते सोडवून घेतली होती. ते काही बोलले नाहीत.

ते गणित इथे पुन्हा करू. २० व्हॉल्यूम म्हणजे असे द्रावण की ज्याच्या एका लिटरमधील सगळ्या पेरॉक्साइडचे विघटन झाले तर प्रमाण तापमानाला व दाबाला २० लिटर ऑक्सिजन मिळेल. द्रावण ६ टक्के असेल तर लिटरमध्ये ६० ग्रॅम पेरॉक्साइड आहे. रेणुभार ३४, म्हणजे सुमारे १.७६ मोल. पेरॉक्साइडच्या दोन रेणूंमागे ऑक्सिजनचा एक रेणू सुटतो, म्हणून ऑक्सिजन ०.८८ मोल. याला २२.४ ने गुणले की १९.८ लिटर. झाले २० व्हॉल्यूम. याच हिशोबाने १० म्हणजे ३ टक्के, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. आता '४० जपून' या दोन शब्दांना वजन येते, कारण १२ टक्के पेरॉक्साइड टाळूला लागले तर कातडी भाजते. तसेच क्रीम आणि २० व्हॉल्यूम समभाग कालवले तर वाटीत पेरॉक्साइड ३ टक्क्यांच्या आसपासच उरते, हेही मुलीला आपले आपण काढता येते. वाटीत क्रीम कमी पडले तर मिश्रण जहाल का होते, हे मग वेगळे सांगावे लागत नाही.

एनसीईआरटीच्या अकरावीच्या रसायनशास्त्रात हायड्रोजनवर स्वतंत्र प्रकरण होते. पेरॉक्साइड केसांचे विरंजन करायला वापरतात असे एक वाक्यही त्यात होते. २०२२ च्या काटछाटीत ते प्रकरणच गेले. गेले त्याचे दुःख आहेच. पण होते तेव्हाही ते वाक्य वाचून कोणी ब्युटी पार्लरमधली बाटली वर्गात आणल्याचे मला आठवत नाही.

दुसरे उदाहरण अधिक गंभीर आहे. केस कुरळे करण्याच्या, म्हणजे पर्मिंगच्या, पहिल्या लोशनमध्ये अमोनियम थायोग्लायकोलेट असते. त्याचा सामू ९ ते ९.५ च्या आसपास असतो. ते धुऊन टाकल्यावर दुसरे द्रावण लावतात, त्याचे बाजारातले नाव 'न्यूट्रलायझर'. वहीतले वाक्य असे : 'पहिले लोशन अल्कली असते, न्यूट्रलायझर त्याला न्यूट्रल करतो.' वाक्य नीटनेटके आहे, शाळेत शिकलेल्या उदासिनीकरणाशी जुळते, आणि चूक आहे.

खरे काय घडते ते पाहू. केस हे केराटिन या प्रथिनाचे असतात. त्याच्या लांबलचक साखळ्या एकमेकींना तीन प्रकारे धरून असतात. हायड्रोजन बंध सर्वांत दुबळे, ते पाण्यानेही सुटतात. ओल्या केसांची वेणी घालून झोपले की सकाळी केस लाटालाटांचे होतात, ही त्यांचीच करामत. आणि डहाणूच्या दमट हवेत दुपारपर्यंत लाटा नाहीशा होतात तीही त्यांचीच. दुसरे बंध धन आणि ऋण प्रभारांच्या आकर्षणाचे, ते सामू बदलला की ढिले पडतात. तिसरे गंधकाचे पूल. एका साखळीतला गंधकाचा अणू शेजारच्या साखळीतल्या गंधकाच्या अणूला घट्ट जोडलेला असतो. केस जळताना येणारा तो उग्र वास बराचसा या गंधकाचा.

डहाणूच्या शिक्षकांना हे समजवायला लांब जायला नको. तिथे रबरी फुगे बनवण्याचे कारखाने आहेत. रबराच्या चिकात गंधक मिसळून तापवतात ते याचसाठी, की रबराच्या साखळ्यांत गंधकाचे पूल बांधले जावेत आणि फुगा ताणून सोडला की परत आपल्या आकारावर यावा. चार्ल्स गुडइयरने १८३९ मध्ये जे शोधले ते हेच. फरक एवढाच, की रबरातले पूल एकदा बांधले की सहजी सोडवता येत नाहीत, केसांतले येतात. थायोग्लायकोलेट गंधकाच्या पुलांना हायड्रोजन पुरवून तोडते, हे क्षपण. सगळे पूल तोडायचे नसतात, काही भागच. मग केस रॉडवर गुंडाळलेले असताना साखळ्या नव्या जागी सरकतात. न्यूट्रलायझरमध्ये साधारण दोन टक्के पेरॉक्साइड किंवा सोडियम ब्रोमेट असते. ते हायड्रोजन काढून घेते आणि गंधकाचे अणू नव्या शेजाऱ्यांशी पुन्हा जोडले जातात, हे ऑक्सिडीकरण. आम्ल-आम्लारीचा इथे मुख्य संबंध नाही.

नावात काय आहे, असे कोणी म्हणेल. त्या मुलीने मला विचारलेला प्रश्न ऐका : "न्यूट्रलायझर संपला तर लिंबाचं पाणी चालेल का?" वहीतल्या वाक्यावरून निघणारा हा अगदी बिनचूक निष्कर्ष आहे. अल्कलीला न्यूट्रल करायचे, घरात लिंबू आहे, मग का चालू नये? लिंबाने सामू खाली येईल, पण तुटलेले पूल नेमके जुळणार नाहीत. पहिल्या धुण्यात कुरळेपणा जाईल आणि केस ताणल्यावर तुटू लागतील. मठ्ठ विद्यार्थिनीने असा प्रश्न विचारला नसता. चुकीचे कारण हुशार विद्यार्थ्याच्या हाती पडले की जास्त नुकसान करते, कारण तो त्या कारणाचा वापर करतो.

गंमत म्हणजे याच धड्यात एक नाव नेमके आहे आणि त्याच्याविषयी एक अक्षरही लिहिलेले नाही. केस सरळ करण्याच्या एका पद्धतीला 'रिबाँडिंग' म्हणतात, म्हणजे पुन्हा बंध बांधणे. रसायने जवळपास तीच, फक्त रॉडऐवजी तापवलेली सपाट इस्तरी. बंध कोणते, सुटले केव्हा, जुळले केव्हा, हे एका आकृतीत सांगता आले असते. कॉस्टिक सोड्याच्या जहाल क्रीमने केस सरळ करण्याची पद्धत मात्र वेगळी आहे. तिथे गंधकाच्या दोन अणूंपैकी एक निघून जातो आणि उरलेला पूल पुन्हा सोडवता येत नाही. त्या पद्धतीतला न्यूट्रलायझर खरोखरच आम्लधर्मी असतो आणि उरलेली आम्लारी मारतो. एकाच नावाची दोन द्रव्ये, कामे दोन. वहीत दोन्ही एकाच ओळीत आली आहेत.

हा सगळा इतिहास फार जुना नाही. कार्ल नेस्लरने लंडनमध्ये विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात बोरॅक्स आणि तापलेल्या नळ्यांनी केस कुरळे केले तेव्हा आत काय घडते ते कोणालाच ठाऊक नव्हते. १९३०च्या दशकात लीड्सला विल्यम ॲस्टबरींनी लोकर आणि केसांवर क्ष-किरण टाकून, ताणल्यावर केराटिनच्या रेणूची रचना बदलते हे दाखवले. थायोग्लायकोलेटने, न तापवता कुरळे करण्याची पद्धत १९४०च्या दशकात रुळली. रंगांचे तसेच. पॅरा-फेनिलिनडायामिन, ज्याला पार्लरमध्ये पीपीडी म्हणतात, ते १८६३ मध्ये हॉफमन यांनी नोंदवले; केस रंगवण्यासाठी त्याचा उपयोग त्यानंतर पेटंटात आला. १९०७ साली युजीन श्युएलर या फ्रेंच रसायनतज्ज्ञाने केसांचा रंग तयार केला आणि दोन वर्षांनी काढलेल्या कंपनीतून पुढे 'लॉरेआल' झाली. म्हणजे हा धंदा जन्मापासून रसायनशाळेच्या शेजारचा आहे.

पीपीडीविषयी वहीत एकच वाक्य आहे : 'काळा रंग देणारे केमिकल.' खरे तर पीपीडी स्वतः काळे नसते. त्याचा रेणू लहान, जवळजवळ रंगहीन. अमोनियाने केसाचे खवले उघडतात आणि तो आत शिरतो. आत पेरॉक्साइड त्याचे ऑक्सिडीकरण करते, तो दुसऱ्या रेणूंना जोडला जाऊन मोठा, रंगीत रेणू होतो आणि त्याला बाहेर पडता येत नाही. खिडकीच्या गजांतून आत शिरलेले मांजराचे पिल्लू आतच वाढले तर जे होईल ते. म्हणून रंग आधी कालवून ठेवायचा नसतो : वाटीतच रेणू मोठे झाले तर केसात शिरणार कोण? वहीत 'कालवून ठेवू नये' आहे, 'का' नाही. 'अमोनिया-फ्री म्हणजे केमिकल नाही' असे एक वाक्य आहे, त्यावर मी लाल रेघ मारली. अमोनियाऐवजी त्यात बहुधा मोनोइथॅनॉलअमाइन असते. तेही आम्लारीच, फक्त उडून नाकात जात नाही.

पीपीडीची ॲलर्जी हा या धंद्यातला खरा धोका. एकदा आली की जन्मभर राहते, आणि रोज रंग कालवणाऱ्या मुलीला आली तर तिचा धंदाच बसतो. वहीत हातमोज्यांचे कारण दिले आहे : 'हाताला डाग पडू नयेत म्हणून.' साहजिकच रंग धुताना, म्हणजे डाग पडायची भीती संपल्यावर, त्या वर्गातल्या मुली मोजे काढून ठेवतात. हे मी स्वतः पाहिले. पुन्हा तेच : चुकीचे कारण, आणि त्याला धरून बरोबर वागणे.

पॅच टेस्टविषयी दोन ओळी आहेत. पीपीडी असलेल्या रंगांवर, काही लोकांच्या त्वचेला त्रास होऊ शकतो म्हणून आधी चाचणी घ्यावी आणि पापण्या-भुवयांना रंग लावू नये, त्याने अंधत्व येऊ शकते, अशी सूचना इंग्रजीत व स्थानिक भाषांत छापण्याचे बंधन आपल्या देशातील नियमांत आहे. पापण्या-भुवयांचा मुद्दा वहीत कुठेच नाही. चाचणी २४ तासांची सांगितली आहे. ही ॲलर्जी मात्र सावकाश उमटणारी, कित्येकदा ४८ ते ७२ तासांनी. आणि तलासरीकडची नवरी पार्लरमध्ये येते ती हळदीच्या आदल्या दिवशी, एसटीने, एकदाच. तिला 'परवा या' असे कसे सांगणार? मुलीचे स्वतःचे उत्तर मला आवडले. ती म्हणाली, पैसे ठरवायला साखरपुड्याच्या सुमाराला कोणीतरी येतेच, नवरीलाच बरोबर बोलवायचे आणि तेव्हाच कानामागे थेंब लावायचा. हे वहीत नव्हते.

आकडे सांगताना भीती दाखवण्याचा मोह टाळला पाहिजे. केशभूषाकारांचे व्यावसायिक काम 'बहुधा कर्करोगकारक' गटात असल्याचे आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेचे मत आहे. घरी किंवा पार्लरमध्ये रंग लावून घेणाऱ्यांबाबत मात्र पुरावा निर्णायक नाही असे तीच संस्था म्हणते. म्हणजे जास्त काळजी कोणाची करायची हे स्पष्ट आहे : खुर्चीत बसलेल्या बाईपेक्षा तिच्यामागे रोज उभ्या राहणाऱ्या मुलीची.

'केराटिन ट्रीटमेंट'च्या पानावर लिहिले आहे : 'केसांत केराटिन भरतात.' यात भरण्यासारखे फार काही नाही. अशा कित्येक उत्पादनांत केस सरळ ठेवण्याचे काम फॉर्मल्डिहाइड करते, आणि ते मानवात कर्करोगकारक ठरलेले आहे. त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक आम्ल आले आणि ते निर्धोक समजले गेले. २०२४ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये फ्रेंच डॉक्टरांनी एका २६ वर्षांच्या तरुणीची हकीकत दिली. २०२० ते २०२२ या काळात तिने तीनदा केस सरळ करून घेतले आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडांना इजा झाली. डॉक्टरांनी तेच क्रीम उंदरांच्या पाठीवर लावले, तेव्हा त्यांच्या मूत्रपिंडांत कॅल्शियम ऑक्झलेटचे स्फटिक सापडले. वहीला हे माहीत नसणे समजू शकते. डब्यावरचे घटक वाचायला शिकवणे एवढे तरी ती करू शकली असती.

आता वहीतल्या सर्वांत चांगल्या पानाकडे. ते शेवटून तिसरे आहे आणि वर्गात कोणी ते करून पाहिलेले नाही. मजकूर असा : ३० मिलिलिटर २० व्हॉल्यूम पेरॉक्साइडमध्ये २० थेंब अमोनिया घाला, गिऱ्हाइकाच्या केसांचा छोटा झुपका अर्धा तास बुडवा, बुडबुडे आले, गरम झाले किंवा केस तुटले तर रंग लावू नका. नाव : 'मेटॅलिक सॉल्ट टेस्ट'. कारण : काही नाही.

या कारणाची आपल्याकडे फार गरज आहे. घरोघर मेंदी लोखंडी कढईत, चहाच्या पाण्यात, आवळा घालून रात्रभर भिजवतात. मेंदीचा स्वतःचा रंग लॉसोनचा, तांबूस. तो केराटिनला धरून बसतो. चहा-आवळ्यातील टॅनिन आणि कढईचे लोह मिळून काळा रंग होतो, जुन्या काळच्या शाईसारखा. अशा केसांवर पेरॉक्साइड लावले की लोह त्याचे झपाट्याने विघटन घडवते. उष्णता सुटते, अतिक्रियाशील कण तयार होतात आणि केस जागीच कमकुवत होतो. 'घरचीच मेंदी आहे, केमिकल नाही' असे सांगणारे गिऱ्हाईक म्हणूनच जास्त जोखमीचे. 'काळी मेंदी' म्हणून मिळणाऱ्या पाकिटांत पीपीडी मिसळलेले असू शकते, तो आणखी वेगळा घोटाळा.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या प्रयोगशाळेत आम्ही ही चाचणी केली. औषधाच्या दुकानातले ६ टक्के पेरॉक्साइड, म्हणजे ते २० व्हॉल्यूमच. अमोनिया प्रयोगशाळेतला. हातमोजे, चष्मे, खिडक्या उघड्या. शिक्षकांनी घरी वर्गासाठी ही कृती करताना अमोनियाच्या बाटलीवर नाक नेऊ नये आणि भांडे काचेचे घ्यावे, धातूचे नको. एका शिक्षिकेच्या आईचे, लोखंडी कढईतल्या मेंदीने रंगवलेले केस एका चंचुपात्रात. कधीही न रंगवलेले केस दुसऱ्यात. पहिल्या झुपक्याला थोड्याच वेळात बारीक बुडबुड्यांची झालर धरली. दुसऱ्यात तुरळक दोन-चार. सरांनी अकरावीच्या मुलांना बोलावून आणले आणि फळ्यावर विघटनाचे समीकरण लिहिले. बहुधा पहिल्यांदाच कोणी ते उतरवून घेण्याऐवजी पात्राकडे बघत होते.

वहीची मालकीण मात्र लिहीत होती. शेवटून तिसऱ्या पानाच्या समासात तिने वेळ, बुडबुडे आणि केसाचा बदललेला रंग मिनिटागणिक टिपला. मग मान वर करून म्हणाली, "मॅडम, आमच्या पाड्यावरच्या हातपंपाचं पाणी हंड्यात ठेवलं की तळाला तांबडं बसतं. त्या पाण्यानं रोज धुतलेल्या केसांना पण असंच होईल?"

मला उत्तर खात्रीने देता आले नाही. पाण्यातले तांबे आणि लोह केसात थोडेफार मुरते हे माहीत आहे. तिच्या हातपंपाच्या पाण्याने किती मुरते ते मोजावे लागेल. पुढच्या रविवारी ती पाड्यावरच्या तिघींचे केस आणि बाटलीभर पाणी घेऊन शाळेत येणार आहे. सरांनी पेरॉक्साइड आणून ठेवायचे कबूल केले आहे.